लहान कॅबिनेटचा संगणक (लेखांक ६) : कूलर मावला, हवेचं काय?

मागच्या आठवड्यात मदरबोर्ड ठरला : मिनी-आयटीएक्स, १७० बाय १७० मिलिमीटर. कॅबिनेट म्हणून स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइनचं ‘टेरा’ घ्यायचं, हेही ठरलं. जेमतेम १०.४ लिटरची ही पेटी, दर्शनी भागावर अक्रोडाच्या लाकडाची पट्टी. आज प्रोसेसरवर कूलर बसवायचा आहे. मोठ्या कॅबिनेटमध्ये या कामाची कोणी चर्चाही करत नाही. दुकानदार देईल तो टॉवर कूलर उभा केला की झालं. इथे मात्र याच एका कामावर बाकीचं सगळं अडतं.

अडचणीचं मूळ जुनं आहे. मिनी-आयटीएक्स हा आकार तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ साली आणला, तो स्वतःच्याच कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरसाठी. त्यातल्या काहींना पंखासुद्धा लागत नसे, धातूचा छोटासा हीटसिंक पुरायचा. बोर्ड आजही तेवढाच आहे. पण त्याच चौकोनावर आता इंटेलचा कोअर आय९-१३९००के बसतो, आणि जोरात चालताना २५३ वॅटपर्यंत वीज ओढायची मुभा त्याला खुद्द इंटेलने दिलेली आहे. प्रोसेसर जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर येते. एवढी उष्णता टेराच्या पोटातून हवेच्या कूलरने शांतपणे काढता येईल, असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नका.

म्हणून पहिल्यांदा वॅट ठरवायचे, कूलर नंतर. बरेच जण उलट जातात. प्रोसेसर आवडीचा घेतात, कॅबिनेट देखणं घेतात आणि मग दोहोंच्या मधल्या फटीत काय शिरेल ते शोधत बसतात.

वॅट ठरवताना खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. एएमडीच्या रायझन ७ ७७०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण सॉकेटमधून तो ८८ वॅटपर्यंत ओढतो. त्याचाच भाऊ ७७००एक्स, त्यावर १०५ लिहितात आणि तो १४२ पर्यंत जातो. छापील आकड्याला १.३५ ने गुणलं की खरा आकडा साधारण मिळतो, हा एएमडीचा ठरलेला हिशेब. इंटेलमध्ये तफावत आणखी मोठी : कोअर आय७-१२७०० वर पायाभूत ६५ वॅट आणि कमाल १८० वॅट, असे दोन्ही आकडे कंपनी स्वतःच देते. एएमडीच्या त्या दोन्ही प्रोसेसरांत कोअर आठच. वेगातला फरक इतका थोडा की मोजणीच्या तक्त्यात दिसतो, रोजच्या कामात सहसा जाणवत नाही. उष्णतेतला फरक मात्र ५४ वॅटचा. आपल्या टेरात ७७०० जाईल.

आता थोडं गणित. समजा एखादा कूलर दर वॅटमागे अर्धा अंश तापमान चढू देतो. ८८ वॅटला प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा ४४ अंश वर जाईल. कूलरच्या चाचण्या बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. तिथे हा प्रोसेसर ६९ अंशांवर दिसला, की ‘मस्त कूलर’ असा शेरा मिळतो. तोच कूलर मे महिन्यात नागपूरला किंवा चंद्रपूरला वातानुकूलन नसलेल्या खोलीत लावा. खोलीतच ३८ अंश असतील तर प्रोसेसर ८२ वर पोचला. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. तिथे पोचल्यावर तो जळत नाही, आपला वेग आपणच कमी करतो. पण ८२ नंतर उरलेल्या १३ अंशांत कॅबिनेटमधली कोंडलेली हवा, जाळीवरची धूळ आणि शेजारी तापलेलं ग्राफिक्स कार्ड एवढं सगळं बसवायचं आहे. परदेशी चाचणीतला आकडा वाचताना आपल्या खोलीचे जादा अंश त्यात मिळवले नाहीत, तर तो आकडा आपल्या उपयोगाचा नाही.

आता प्रत्यक्ष जागा. टेराच्या आत मधोमध एक उभी धातूची भिंत आहे. एका बाजूला मदरबोर्ड, दुसऱ्या बाजूला ग्राफिक्स कार्ड, दोघे पाठीला पाठ लावून. ही भिंत सरकते, आणि हेच या कॅबिनेटचं वैशिष्ट्य. एका टोकाला नेली तर कूलरला ४८ मिलिमीटर उंची मिळते आणि कार्डाला ७२ मिलिमीटर जाडी. दुसऱ्या टोकाला कूलरला ७७ आणि कार्डाला ४३. बेरीज दोन्हीकडे १२०. दोन भावांनी घराची वाटणी करताना मधली भिंत कुठे घालायची यावरून जे चालतं, तेच इथे चालतं : एकाच्या खोलीत वीतभर वाढली की दुसऱ्याच्या खोलीत तेवढीच घटते, आणि अंगण कोणाच्याच वाट्याला नाही.

म्हणजे कूलरची उंची प्रत्यक्षात ग्राफिक्स कार्ड ठरवतं. दोन स्लॉटचं कार्ड साधारण चाळीस मिलिमीटर जाडीचं असतं. तेवढ्यावर भागत असेल तर कूलरला सत्तरच्या वर जागा मिळते. तीन स्लॉटचं, साठ-बासष्ट मिलिमीटरचं धूड हवं असेल, तर कूलरला अठ्ठावन्न-साठच्या आत राहावं लागतं. माझं मत विचाराल तर या आकाराच्या कॅबिनेटमध्ये दोन स्लॉटच्या पुढे जाऊच नये. जाड कार्ड बहुधा वीजही जास्त खातं, म्हणजे कूलरची जागा घटते त्याच वेळी पेटीतली उष्णता वाढते.

या उंचीत मिळणारे कूलर टॉवरचे नव्हेत, आडवे. खाली तांब्याचा तळ, त्यातून निघून वळलेले हीटपाइप, त्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची चळत आणि वर हवा खाली मदरबोर्डाकडे फेकणारा पंखा. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचा एनएच-एल९ए पंख्यासकट ३७ मिलिमीटर उंच. अगदी चपट्या पेट्यांसाठी तोच आधार. थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ नावाप्रमाणे ४७ चा, एएक्सपी१२०-एक्स६७ हा ६७ चा. नॉक्टुआचाच एनएच-एल१२एस ७० मिलिमीटरचा, त्यात पंखा पात्यांच्या खाली बसवलेला असतो. पुढे त्याचा ७७ मिलिमीटरचा थोरला भाऊ आला, रॅमला जरा जास्त मोकळीक देणारा. लॅमिंग्टन रोडवर टॉवर कूलर हवे तेवढे दिसतील; हे आडवे बहुधा मागवावे लागतात.

९२ मिलिमीटरचा पंखा घ्यावा की १२० चा? शक्य तिथे १२० चाच. व्यासातला फरक थोडा दिसतो, पण क्षेत्रफळ १.७ पट होतं. तेवढीच हवा ढकलायला मोठ्या पंख्याला कमी फेरे घ्यावे लागतात, आणि आवाज फेऱ्यांबरोबर फार झपाट्याने वाढतो. नेहमीचा पंखा २५ मिलिमीटर जाड असतो, या कूलरांवरचे १५ च्या आसपास. पातळ पंख्याचा दाब कमी पडतो, म्हणून त्याच्या तोंडासमोर अडथळा आला की तो लगेच लटपटतो. या लेखांकातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा इथेच आहे, आणि उंचीच्या तक्त्यात तो कुठेच सापडत नाही.

समजा भिंत एका टोकाला आहे, कूलरला ७७ मिलिमीटर जागा आहे आणि तुम्ही बसवला ४७ चा. वर ३० मिलिमीटर मोकळे राहिले. ऐसपैस वाटेल, पण झालं वाईट. पंखा हवा ओढतो ती सगळ्यात जवळ मिळेल तिथून. त्याच्या कडेला, पात्यांतून नुकतीच बाहेर पडलेली गरम हवा घोटाळत असते. जाळीबाहेरची गार हवा तीस मिलिमीटर दूर. मग तीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि पंखा फेरे वाढवत बसतो. आता दुसरं टोक : भिंत सरकवली, पंख्याचं तोंड जाळीला जवळजवळ टेकलं. हवा ताजी मिळते, पण जाळीच्या अगदी जवळून फिरणाऱ्या पात्यांचा कर्कश सूर निघतो. कॅबिनेट टेबलावर ठेवून काम करणाऱ्याला तो तासाभरात नकोसा होतो.

मधली जागा तीन ते पाच मिलिमीटरची. टेरात भिंत सरकत असल्यामुळे आधी कूलर निवडून मग भिंत त्याला जुळवून घेता येते. ज्या कॅबिनेटमध्ये ती सोय नाही, तिथे पंख्याच्या कडेपासून जाळीपर्यंत फोमची चौकट उभी करायची. पंखा मग बाहेरचीच हवा ओढतो. नॉक्टुआ आपल्या एल९ कूलरांसाठी एकावर एक रचायच्या फोमच्या चौकटींचा संच विकते. स्टेशनरीच्या दुकानातली ईव्हीए फोमची शीट आणि कटर यांनीही काम भागतं. फक्त कापलेली कड पंख्याच्या पात्याला घासत नाही ना, हे बोटाने पंखा फिरवून पाहावं.

पंखा उलटा लावून हवा बाहेर फेकली तर? काही पेट्यांत प्रोसेसरचं तापमान खरंच थोडं उतरतं. पण आडवा कूलर खाली जी हवा सोडतो, तीच सॉकेटभोवतीच्या वीजपुरवठ्याच्या भागांना, रॅमला आणि एसएसडीला गार ठेवते. त्यांना उपाशी ठेवून प्रोसेसरचे दोन अंश वाचवणं मला पटत नाही.

आता शेजारी. १२० मिलिमीटरच्या पंख्याचा कूलर रॅमच्या डोक्यावर येतो. साधी, दिव्यांशिवायची रॅम ३१ मिलिमीटरच्या आसपास उंच असते. रंगीत दिवे आणि धातूचा मुकुट घातलेली चाळीसच्या वर जाते आणि पात्यांना अडते. इथे नटवी रॅम घेऊन उपयोग नाही, बंद झाकणाआड ती कोणाला दिसणारही नाही. बोर्डाच्या मागच्या जोडण्यांवरचं प्लॅस्टिकचं आच्छादन आणि वीजपुरवठ्यावरचा हीटसिंक हे आणखी दोन अडथळे. त्यांची उंची कूलरच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावी लागते. हीटपाइपची वळणं ज्या बाजूला बाहेर येतात, ती बाजू रॅमकडे न येईल असा कूलर फिरवून बसवणं हा चांगला उपाय. इंटेलच्या एलजीए१७०० ला तो जमतो, कारण भोकं ७८ मिलिमीटरच्या चौरसात आहेत. एएमडीचा एएम५ मात्र ५४ बाय ९० चा आयत. तिथे बरेच कूलर फक्त ठरल्या दिशेनेच बसतात, हे खरेदीच्या आधी कळलेलं बरं.

बसवणी बोर्ड बाहेर असतानाच करायची. एसएसडी आणि रॅम आधी लावा, कारण एसएसडीचा खाचा बहुधा कूलरच्या पोटाखाली जातो. काही कूलरांचे स्क्रू बोर्डाच्या मागून येतात, आणि बोर्ड एकदा आत कसला की मागची बाजू मधल्या भिंतीकडे जाते, तिकडे हात पोचणं मुश्किल. थर्मल पेस्ट थोडी, मधोमध. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची केबल आणि पंख्याची वायर बोर्ड आत नेण्यापूर्वी निदान कुठून जाणार ते तरी ठरवा. कूलर बसल्यावर त्या कोपऱ्यात बोट शिरत नाही.

सगळं चालू झालं की बायॉसमध्ये दोन कामं. ७७००एक्स आधीच घेतला असेल तर इको मोड ६५ वॅटवर लावा, तो ८८ च्या मर्यादेत येतो. दुसरं, पंख्याचा वेग. लहान हीटसिंकखालचा प्रोसेसर एखादं पान उघडताच क्षणात वीस अंश चढतो आणि तितक्याच चटकन उतरतो; पंखा त्याच्यामागे धावला तर दिवसभर घोंघावत राहील. वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय बहुतेक बोर्डांत असते, ती वापरा, आणि सत्तर अंशांपर्यंत वेग जवळजवळ एकसारखा ठेवा.

शेवटी परीक्षा. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि तापमान लिहून ठेवा. मग बाजूचं झाकण काढून तीच चाचणी पुन्हा घ्या. दुसऱ्या वेळी तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं, तर दोष हवेच्या वाटेत आहे : भिंत सरकवा, फोम लावा. फरक एक-दोन अंशांचाच पडला, तर हवेकडे पाहू नका. पेस्ट, स्क्रू किंवा ठरवलेले वॅट, या तिघांत कारण शोधा.

पुढच्या लेखांकात एसएमपीएस आणि त्याच्या केबली.