नानकटाईची भेग, आयसिंगची रेघ

ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत बिस्किटं 'घरची' म्हणवली, तरी भाजली जायची बेकरीत. दिवाळी जवळ आली की मैदा, रवा, तूप, पिठीसाखर, वेलची मोजून पिशवीत भरायची आणि बेकरीत नंबर लावायचा. मजुरी किलोवर. आपलंच तूप आपल्याच पिठात पडतंय ना, हे बघायला घरातलं कुणीतरी भट्टीपाशी उभं असायचंच. सजावट म्हणजे चारोळीचा एखादा दाणा. सोड्यामुळे नानकटाई फुलायची, तडकायची. भेगा पडल्या म्हणजे जमली, असाच हिशेब होता.

मग काचेच्या झाकणाचा गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन आला, पुढे ओटीजी. आग घरात आली आणि बेकरीतली रांग हळूहळू ओसरली. मुंबईत तर 2025च्या जानेवारीत हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळवण्याचा आदेश दिला.

आयसिंगच्या कुकीज आपल्याकडे रुजल्या त्या यूट्यूब-इन्स्टाग्रामच्या काळात आणि 2020च्या लॉकडाउनमध्ये त्यांना खरा बहर आला. इथे मात्र नानकटाईचा सगळा कायदाच उलटा. कुकी फुलता कामा नये, पसरता कामा नये, भेग तर नकोच. म्हणून बरेच जण पिठात बेकिंग पावडर घालतच नाहीत, आकार कापून ते फ्रिजमध्ये गार करतात आणि मगच भाजतात. सपाट पृष्ठभाग हवा, कारण खरं काम त्यानंतर सुरू होतं.

रॉयल आयसिंग म्हणजे मुळात अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर. आपल्याकडच्या ऑर्डरींत 'एगलेस ना?' हा प्रश्न ठरलेला. त्यामुळे कुणी अंडं नसलेल्या तयार पावडरी आणल्या, कुणी काबुली चणे शिजवलेलं पाणी फेटून पाहिलं. तेही छान फेसाळतं. आयसिंगचा पातळपणा सेकंदांत मोजतात: सुरीने रेघ ओढायची, ती साधारण 15 सेकंदांत मिटली तर आतला भाग भरायला योग्य. कडेच्या रेघेला याहून घट्ट लागतं. मेंदीच्या कोनावर हात बसलेल्या बायकांनी ही रेघ फार लवकर आपलीशी केली, आणि पैठणीचे मोर, वारली नक्षी, नथ असं सगळं कुकीवर उतरलं. छंदाचा धंदा झाला. वार्षिक उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी तेव्हा वर्षाला 100 रुपयांत होत होती, त्याचाही हातभार लागला.

चवीत मी अजून नानकटाईच्याच बाजूची. इतकी साखर वर लिंपल्यावर खालच्या लोण्याला बोलायला जागा उरत नाही. पण त्या रेघेमागची मेहनत बघितली की किंमत जास्त वाटत नाही. एकेक रंग सुकू द्यायचा, मग पुढचा. पूर्ण सुकायला रात्र जाते. सर्वाधिक कस लागतो भाद्रपदात. मोदकाच्या, उंदराच्या कुकीज हव्या असतात नेमक्या दमट हवेत, जेव्हा आयसिंग चिकट राहतं आणि जास्वंदीचा लाल रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरतो. म्हणून जाणत्या बायका तेव्हा खोलीत एसी लावून काम करतात, लाल रंग शेवटी घेतात आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी फोन करणाऱ्याला सरळ नाही म्हणतात.