मनाचा आजार आणि गावचा दवाखाना

ताप आला की मनुष्य दवाखान्यात जाऊन ‘ताप आला’ असे सांगतो. मनाचा आजार मात्र आपले नाव सांगत नाही. झोप लागत नाही, अंग दुखते, अन्नावर वासना नाही, अशा तक्रारींच्या रूपाने तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारी येतो. गर्दीत बसलेले डॉक्टर शक्तीच्या गोळ्या देतात आणि रोगी घरी परततो. याचा दोष एकट्या डॉक्टरांना देणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. कारण हे काम एकट्याचे नव्हेच.

सहयोगी उपचारपद्धती ती याचसाठी. तीत तिघे मिळून काम करतात. केंद्राचे डॉक्टर तपासून औषध देतात. प्रशिक्षित समुपदेशक ठरावीक प्रश्न विचारून आजाराची तीव्रता मोजतो, रोग्याला धीर देतो आणि जो फिरकला नाही त्याची चौकशी करतो. मनोविकारतज्ज्ञ ठरल्या दिवशी नोंदवही पाहतो व ज्यांना उतार पडला नाही त्यांचा उपचार बदलण्यास सुचवितो. एका तज्ज्ञाचे ज्ञान असे अनेक केंद्रांना पुरते.

हे श्रीमंत देशांनाच साधते काय? गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ दवाखान्यांत असा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली स्थानिक माणसे होती. तरी सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रोगी बरे झालेले आढळले. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे या पद्धतीची जागा सरकारी केंद्रांतच आहे.

आपल्या बीड जिल्ह्याचा यात निकटचा संबंध आहे. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांसाठी शासनाने २०१५ साली ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यांत बीड होते. आशाताईंनी घरोघर जाऊन खचलेली माणसे ओळखावीत, ही त्यातील योजना. परंतु ओळखणे ही पहिली पायरी. पाठपुरावा नसेल तर ती तेथेच थांबते. त्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास आपली कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. औषध मध्येच सुटते. म्हणून येथे नोंदवही व समुपदेशकाचा दूरध्वनी यांचे महत्त्व इतरत्रापेक्षा अधिक.

अंबाजोगाईस वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या हाती आहेत. या दोहोंना जोडणारा समुपदेशक प्रत्येक केंद्रात असावा, ही मागणी नागरिकांनी करावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो. रस्ता आणि पाणी आपण मागतोच. मनाच्या दुखण्यावरचा उपचारही तितक्याच हक्काने मागावयास हवा.