हाड सांधते कसे, पाय चालतो कसा

ही माझी स्वतःची गोष्ट आहे. मिरजगावच्या बाजूला आमचे गाव आहे. चार वर्षांपूर्वी मार्गशीर्षात गव्हाला पाणी द्यायचे होते. आमच्या शिवारात तेव्हा शेतीची लाइट रात्रीची होती. रात्री अकरा वाजता मी मोटर चालू करायला निघालो. हातात बॅटरी होती. बांध ओला होता. पाय सटकला आणि मी माझ्याच पायावर बसलो. कट्ट असा आवाज आला. उठायला गेलो, तर उजवा पाय टेकवेना.

शेजारच्या रानातल्या दोघांनी मला बाजेवर घालून घरी आणले. बायको म्हणाली, "दवाखान्यात चला." मी म्हणालो, "आता रात्रीचे कुठे जायचे? सकाळी हाडवैद्याकडे जाऊ." तेहतीस वर्षे मी मुलांना शाळेत शिकवले. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा हा असा वागलो!

सकाळी हाडवैद्य आले. त्यांनी पाय ओढला, लेप लावला, वरून बांबूच्या कामट्या लावल्या आणि आवळून बांधले. आता दोन दिवस सोडू नका म्हणाले. दुपारपासून पाय ठणकू लागला. संध्याकाळी बोटे सुजली. रात्रभर झोप नाही. मला वाटले, हाड मोडले आहे, दुखणारच. सोसले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वस्तीवरच्या आशाताई चौकशीला आल्या. त्यांनी पायावरचे पांघरूण बाजूला केले. बोटांना हात लावला.

"गुरुजी, बोटं गार पडलीत. अंगठा हलवा बघू."

अंगठा हलेना.

त्यांनी नख दाबून सोडले. दाबले की नख पांढरे होते आणि सोडले की लगेच लाल होते. तुमचे आत्ता दाबून पाहा. माझे पांढरेच राहिले. ताई एवढेच म्हणाल्या, "वहिनी, कात्री आणा." त्यांनी दोऱ्या कापल्या आणि १०८ नंबरला फोन लावला. दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला आणि सांगितले, "आणखी काही तास गेले असते तर पाऊल हाती लागले नसते."

असे का होते? पाटाला मध्येच बांध घातला तर खालचे वाफे वाळतात. पायाचेही तसेच आहे. रक्ताच्या नळ्या वरून खाली बोटांपर्यंत जातात. मोड झाली की पाय सुजतो. सुजणाऱ्या पायावर घट्ट बांधले की सूज बाहेर फुगू शकत नाही. ती आतच दाबते, आणि रक्ताच्या नळ्या बंद होतात. खालचा भाग उपाशी मरतो. तो काळा पडतो, सडतो, आणि मग जीव वाचवायला पाय कापावा लागतो. हाड मोडल्याने सहसा पाय जात नाही. आवळल्याने जातो.

सगळेच हाडवैद्य अडाणी असतात असे मी म्हणणार नाही. काहींच्या हाताला जन्माची सवय असते. पण आतले हाड कसे मोडले आहे ते बोटांनी कळत नाही, त्याला फोटोच लागतो. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा, दवाखान्यातले प्लास्टरसुद्धा कधी कधी घट्ट होते. म्हणून बांधणारा कोणीही असो, पहिले दोन दिवस बोटे उघडी ठेवून पाहत जा. बोटे गार पडली, निळी किंवा पांढरी झाली, मुंग्या आल्या, हलेनाशी झाली, किंवा दुखणे कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चालले, तर रात्र असो की दिवस, थांबू नका. मी एक रात्र थांबलो होतो.

रानात कोणाचा हातपाय मोडला तर काय करावे? मोडलेला भाग हलवू नये, ओढू नये, चोळू नये. दोन बाजूंना फळ्या किंवा काठ्या लावाव्यात. मध्ये धोतर, टॉवेल, जे असेल त्याची घडी घालावी. काठी मोडीच्या वरचा सांधा आणि खालचा सांधा, दोन्ही धरील इतकी लांब असावी. मग हलक्या हाताने बांधावे. गाठ मोडीच्या जागेवर येऊ देऊ नये. जखम होऊन हाड बाहेर दिसत असेल तर ते आत ढकलू नये. धुतलेल्या कापडाने झाकावे. शेण, माती, राख असले काही लावू नये. त्यातून धनुर्वात होतो, आणि धनुर्वाताने माणूस मरतो. दवाखान्यात धनुर्वाताची सुई मागून घ्यावी. आणि हो, जखमी माणसाला जेवायला घालू नका. ऑपरेशन करायचे ठरले तर पोट रिकामे लागते. आपल्याकडे आधी चहा पाजतात, म्हणून सांगितले.

आता हाड सांधते कसे ते पाहू. मला स्वतःला ही गोष्ट फार नवलाची वाटते.

तुम्ही आंब्याचे कलम बांधलेले पाहिले असेल. दोन फांद्या एकमेकींना नीट लावतात, पट्टीने बांधतात, आणि हलू देत नाहीत. माळी काही फांद्या चिकटवत नाही. त्या आपल्या आपण एकजीव होतात. हाडाचे तसेच आहे. मोडीच्या जागी आधी रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत तिथे कुर्चेसारखा मऊ सांधा तयार होतो. मग शरीर त्यात चुना भरू लागते आणि तो घट्ट होत जातो. डॉक्टर फक्त दोन तुकडे रेषेत आणतात आणि हलू देत नाहीत. त्यासाठी कधी प्लास्टर पुरते, कधी आत पट्टी नाहीतर सळई घालावी लागते. पण सांधण्याचे काम आपले शरीरच करते.

त्याला वेळ लागतो. मोठ्या माणसाच्या मनगटाजवळचे हाड साधारण सहा आठवड्यांत सांधते. पायाच्या नळीला तीन-चार महिने, कधी जास्तही लागतात. लहान मुलांचे लवकर जुळते. साखरेचा आजार असला तर उशीर होतो. विडी-तंबाखूनेही उशीर होतो, कारण तंबाखूने रक्ताच्या बारीक नळ्या आकसतात. मी मिसरी लावत होतो. मास्तर असून लावत होतो. त्या तीन महिन्यांत सोडली. खायला मात्र काही महाग लागत नाही. डाळ, मटकी, हुलगा, दूध, ताक, नाचणी, मेथी, चालत असेल त्याला अंडी. आणि रोज थोडे ऊन अंगावर घ्यावे.

माझे प्लास्टर आठ आठवड्यांनी निघाले. मला वाटले, सुटलो! पायाकडे पाहिले आणि गप्पच झालो. पोटरी वाळून काठीसारखी झाली होती. घोटा लाकडासारखा ताठ. पाय टेकवला तर अंगाला कापरे भरले.

माणसे इथेच बसतात. हाड जुळलेले असते, पण मन म्हणते, पुन्हा मोडेल. घरचेही म्हणतात, "बसा तुम्ही, उठू नका." माया असते त्यांची. पण न वापरलेला पाय महिन्यामहिन्याने आणखी वाळतो. शेवटी मोडीने नव्हे, बसण्याने माणूस लंगडा होतो.

दवाखान्यात मला पायाचे चार सोपे व्यायाम शिकवले. पाऊल वरखाली करायचे. घोटा गोल फिरवायचा. गुडघ्याखाली टॉवेलची घडी ठेवून ती मांडीच्या जोराने खाली दाबायची, पाच अंक मोजायचे, सोडायचे. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. प्रत्येक दहा वेळा, दिवसातून तीनदा. हाडावर भार किती द्यायचा आणि कधी, ते फोटो पाहून डॉक्टरच सांगतात. ते मनाने ठरवू नये. व्यायाम करताना थोडे दुखते. ते सकाळपर्यंत थांबले तर ठीक. सूज वाढली तर एक दिवस कमी करावे. पोटरी एकदम सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर मात्र ताबडतोब दवाखाना गाठावा. रक्ताची गाठ झालेली असू शकते.

काठी कोणत्या हातात धरावी? सगळे दुखऱ्या बाजूला धरतात. मीही धरली. ते चूक आहे. पाय उजवा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावी. काठी आणि दुखरा पाय बरोबर पुढे टाकावा, म्हणजे भार वाटला जातो. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय.

हे चार व्यायाम पोरखेळ वाटतात, आणि रोज करणे फार अवघड जाते. पहिल्या आठवड्यात मी तीन दिवस बुडवले. मग एक युक्ती केली. आमच्या घरी रोज दिवेलागणीला हरिपाठ होतो. तेवढा वेळ मी बाजेवर बसून पाऊल हलवू लागलो. हरिपाठ चुकत नाही, म्हणून व्यायामही चुकेना. आमचे एक शेजारी पाच वेळचे नमाजी आहेत. गुडघा दुखावला तेव्हा ते खुर्चीवर बसून नमाज पढत आणि प्रत्येक नमाजानंतर दहा वेळा गुडघा ताठ करत. दोघेही आम्ही देवाला नवस बोललो होतो, खोटे कशाला सांगू! पण नवस एकदा बोलायचा असतो, आणि पाय रोज हलवावा लागतो.

तुम्ही म्हणाल, गुरुजींना पेन्शन आहे, त्यांना बसून राहणे परवडते. बरोबर आहे. आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातून पाथर्डी, शेवगाव, जामखेडची माणसे दरवर्षी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. अशा माणसाचा पाय उसाच्या गाडीखाली गेला तर घर बसते, आणि उचल तशीच अंगावर राहते. पाय कापावाच लागला तर पुढे काय?

त्यासाठी जामखेडची हकीकत सांगतो. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको तिथे आले. तो दुष्काळी मुलूख. त्यांनी पाहिले की दवाखान्यात बसून गावे निरोगी होत नाहीत. मग त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर होत्या, पुष्कळ जणी दलित वस्तीतल्या. त्यांना जामखेडला बोलावून बाळंतपण, जुलाब, जखमा यांचे शिक्षण दिले, आणि त्यांनी गावात जाऊन ते काम केले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली. आज गावोगावी आशाताई दिसतात, तसल्या कामाची वाट ज्यांनी आधी पाडली, त्यांत जामखेडच्या त्या बायका होत्या. माझ्या दोऱ्या कापणारी कात्री मला म्हणूनच त्यांची आठवण करून देते.

त्याच जामखेडला कृत्रिम पाय बनवण्याचे काम सुरू झाले. गावाकडचीच माणसे ते शिकली. हा पाय म्हणजे जयपूर पाय. राजस्थानात जयपूरला १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो तयार केला. शर्मा शाळा फार शिकलेले नव्हते, पण हात हुशार होता. आधीच्या विलायती पायाला बूट लागे. तो घालून चिखलात जाता येत नसे, मांडी घालून बसता येत नसे. शेतकऱ्याला तो काय कामाचा? जयपूरचे पाऊल रबराचे असते. ते अनवाणी चालते, भिजले तरी बिघडत नाही, आणि सगळीकडे वाकते. असा पाय लावून माणसे नांगर धरतात, सायकल चालवतात. पण पाय लावला की लगेच चालता येते असे नाही. तिथेही तेच, मांडीचे व्यायाम, पडणे, उठणे, रोज थोडे.

शेवटी धडधाकट माणसांसाठी दोन शब्द. "शेतकऱ्याला कसला व्यायाम?" असे आपण म्हणतो. दिवसभर वाकून खुरपणारी बाई दमते खरी, पण तिची कंबर एकाच बाजूला वाकते. तिने उलट दिशेला, कमरेवर हात ठेवून, दिवसातून पाच-सहा वेळा मागे झुकावे. साठीनंतर पडण्याचे भय मोठे. भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहण्याची सवय करा. दहा अंक मोजा, मग पाय बदला. आणि रात्री रानात जाताना एकटे जाऊ नका.

माझा पाय थंडीत अजून दुखतो. पाऊल पूर्वीइतके वाकत नाही. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला जाताना मिरजगावावरून जाते. पूर्वी मी पंढरपूरपर्यंत चालत असे. पडल्यानंतरच्या पहिल्या वर्षी नुसते दर्शन घेऊन घरी आलो, आणि त्या दिवशी मला रडू आले. दुसऱ्या वर्षी पुढच्या मुक्कामापर्यंत गेलो. मागच्या आषाढीला डाव्या हातात काठी घेऊन करमाळ्यापर्यंत चाललो. तिथून एस.टी.ने परत आलो. पासष्ट पुरी झाली आहेत, त्यामुळे तिकीट अर्धेच पडले.