सरांच्या नावापुढचे आकडे

३१४ विजय, १९९ पराभव, ३५ बरोबरी. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे आद्य प्रशिक्षक आमोस अलोन्झो स्टॅग यांची कारकीर्द अशी एका ओळीत लिहितात. हा फुटबॉल आपला नव्हे. त्यात चेंडू हातात घेऊन धावतात आणि समोरच्याला अंगाने अडवतात. या ओळीतली बेरीज सुटी करून पाहिली की माणूस दिसू लागतो. स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत १० विजय, ११ पराभव, १ बरोबरी. शिकागो विद्यापीठात १८९२ ते १९३२ या ४१ मोसमांत २४४ विजय, १११ पराभव, २७ बरोबरी. सत्तरीत शिकागोने निवृत्त केल्यावर ते कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक या लहान कॉलेजात गेले आणि तिथे १४ मोसमांत ६० सामने जिंकले, ७७ हरले, ७ बरोबरीत सुटले. हरणेच जास्त! तरीही १९४३ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, देशभरच्या प्रशिक्षकांनी वर्षाचे सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून त्यांनाच निवडले. त्या ७७ पराभवांची नोंद कुणी गाळली नाही, म्हणूनच या निवडीचे मोल कळते.

बरोबरी अर्धा विजय धरली तर स्टॅग यांचे यश सुमारे ६० टक्के भरते. १९८१ मध्ये अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांनी ३१५ वा विजय मिळवून त्यांना मागे टाकले, तेव्हा देशभर बातमी झाली.

शिकागोत स्टॅग यांची नेमणूक अध्यापक म्हणून होती. आपल्या कॉलेजांतले क्रीडा संचालकही अध्यापकवर्गातच येतात. नाते याहून जवळचे आहे. १९२० साली मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढणारे हॅरी क्रो बक हे स्प्रिंगफील्डलाच शिकलेले होते.

मग जळगाव-धुळ्यातल्या एखाद्या सरांच्या नावापुढे अशी ओळ का नाही? एक कारण स्पर्धांच्या पद्धतीत आहे. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या. अशा स्पर्धेत विजेता सोडून प्रत्येक संघाच्या वाट्याला नेमका एक पराभव येतो, मग तो पहिल्या फेरीत असो की अंतिम सामन्यात. बरोबरी तर उरतच नाही. इथे विजयांची टक्केवारी फारसे काही सांगत नाही. संघ कुठल्या फेरीपर्यंत गेला, हे सांगते.

दुसरे कारण खास खानदेशचे. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय, दोन्ही १९४५ ची. तेव्हा ती मुंबई विद्यापीठाकडे होती, १९४९ नंतर पुणे विद्यापीठाकडे गेली आणि १९९० पासून उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे आली. मधल्या काळात पूर्व आणि पश्चिम खानदेश जिल्ह्यांची नावेही बदलली. एकाच कॉलेजच्या खेळाचा इतिहास असा तीन विद्यापीठांत विखुरला आहे. तो एकत्र करण्याची जबाबदारी आजच्या विद्यापीठाने घ्यावी, असे मला ठामपणे वाटते.

खुद्द भारतीय फुटबॉलचे श्रेष्ठ प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम आपल्याला चषकांतूनच आठवतात. पेशाने शिक्षक असलेल्या रहीम यांच्या हैदराबाद पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ सलग पाच वेळा जिंकला. १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके भारताने त्यांच्याच हाताखाली मिळवली. चषकांची नावे तोंडपाठ असतात, हरलेले सामने मात्र कुणी सांगत नाही.

खानदेशातली वही वेगळी आखावी लागेल. मोसम, खेळ, प्रतिस्पर्धी कॉलेज, गोलफलक, गाठलेली फेरी हे रकाने हवेतच. पण एक रकाना सर्वांत रुंद असावा: सरांच्या हाताखालची किती मुले-मुली विद्यापीठाच्या संघात निवडली गेली. खेड्यातून एसटीने येऊन सराव करणाऱ्यांना घडवणाऱ्या माणसाचे काम या रकान्यात सर्वाधिक दिसेल. सुरुवात कॉलेजच्या जुन्या वार्षिकांकांपासून करता येईल. संघाच्या छायाचित्राखाली नावे बहुतेक वेळा छापलेली असतात, गोलसंख्या नसते. ती सांगू शकणारे खेळाडू आज साठी-सत्तरीत आहेत, म्हणून त्यांच्याकडे याच वर्षी जायला हवे.