कसावा हॉक पतंग

लेपिडॉप्टेरा (खवलेपंखी) गणाच्या स्फिंजिडी कुलातील एक पतंग. शास्त्रीय नाव एरिनिस एलो. लिनीअस यांनी १७५८ मध्ये त्याचे वर्णन केले. दक्षिण अमेरिकेत तो सर्वत्र आढळणारा असून उत्तरेस मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागापर्यंत त्याचा प्रसार आहे. आशिया व आफ्रिका खंडांत तो आढळत नाही. ज्याच्या मांसल मुळांतील स्टार्चपासून भारतात साबुदाणा तयार करतात, त्या कसाव्याची (टॅपिओकाची) पाने याच्या अळ्या खातात. त्यामुळे या जातीस आर्थिक महत्त्व आहे.

पंख पसरले असता पतंगाची रुंदी ७·५ ते ८·५ सेंमी. भरते. करड्या उदरावरील ठळक काळे आडवे पट्टे आणि काळी किनार असलेले तांबूस नारिंगी मागील पंख ही नर व मादी या दोहोंची ओळखचिन्हे होत. पुढील पंखांवरून लिंगभेद ओळखता येतो. नराच्या पंखावर बुडापासून टोकापर्यंत काळपट पट्टा असतो, तर मादीचे पंख फिकट करडे असून बाहेरील कडेजवळ थोडे गडद ठिपके असतात. याच वंशातील एरिनिस ॲलोप या जातीचे मागील पंख पिवळे असल्याने ती वेगळी ओळखता येते.

अळीच्या बाबतीत मात्र रंग ही विश्वसनीय खूण नव्हे. एकाच शेतात हिरव्या, पिवळ्या, तपकिरी, करड्या व काळ्या अळ्या आढळतात. शरीराच्या मागील टोकावरील शिंगासारखा उंचवटा पाहून ती हॉक पतंगाची अळी आहे हे ठरविता येते. कसाव्याखेरीज रबर, पॉइन्सेटिया व पपई या वनस्पतींवरही ती उपजीविका करते.

मादी पानांवर सुटी अंडी घालते. अळीच्या पाच अवस्था असतात. एक अळी एकूण सु. १,१०० चौ. सेंमी. पाने खाते व त्यांपैकी सु. तीन चतुर्थांश अखेरच्या अवस्थेत खाते. म्हणून अंडी व लहान अळ्या वेळीच ओळखणे महत्त्वाचे असते. पूर्ण वाढलेली अळी जमिनीवरील पालापाचोळ्यात कोशावस्थेत जाते.

ट्रायकोग्रामा हे परजीवी कीटक याची अंडी नष्ट करतात. गांधीलमाश्या अळ्या खातात. ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यात १९८० नंतरच्या दशकात विषाणूंचा वापर सुरू झाला. रोगाने मेलेल्या अळ्या वाटून, गाळून त्यांचे पाण्यातील मिश्रण पिकावर फवारतात. अळ्या लहान असतानाच हा उपाय विशेष परिणामकारक ठरतो.