टिपणांतील तुटके दुवे

व्यापाऱ्याच्या पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. कीर्दींतील रकमेपुढें खतावणीचें पान नोंदलेलें असे, आणि वर्षाखेर मुनीम तीं पानें एकामागून एक ताडून पाही. पान लिहिलेलें आहे, पण त्या पानावर रक्कम नाहीं, असें आढळलें म्हणजे पेढीवरचा दिवा रात्रीं उशिरांपर्यंत जळे. संगणकावर किंवा मोबाईलवर घरचीं टिपणें ठेवणाऱ्या आजच्या सुशिक्षित कुटुंबांत अशी ताडणी क्वचितच होते. गरज मात्र पेढीइतकीच आहे.

घराचें खरेदीखत कोणत्या कपाटांत आहे, वडिलांस कोणतें औषध सोसत नाहीं, विम्याचा हप्ता केव्हां भरावयाचा, अशी एकेक बाब एकेका टिपणांत लिहिली जाते. ऑब्सिडियनसारख्या प्रोग्रॅममध्यें एका टिपणांत दुसऱ्याचें नांव दुहेरी चौकोनी कंसांत घातलें कीं तो दुवा होतो. त्यावर बोट ठेवतांच दुसरें टिपण पुढें येतें. परंतु दुव्यांत असतें तें केवळ नांव. ‘बाबांचीं औषधें’ हें नांव प्रोग्रॅमच्या आंतून बदललें, तर इतर टिपणांतील दुवेही तो सहसा दुरुस्त करून घेतो. तोच बदल घरांतील दुसऱ्या कोणी बाहेरून, फाईलींच्या यादींत जाऊन केला, तर जुना दुवा जुन्याच नांवाकडे बोट दाखवीत राहतो. तो तुटला हें कळतें केव्हां? पूर्वी कोणत्या औषधानें अंगावर गांधी उठल्या होत्या, असें रात्रीं दोन वाजतां डॉक्टर विचारतात तेव्हां.

त्यांतही एक फसवी गोष्ट आहे. अशा तुटक्या दुव्यावर घाईनें बोट ठेवलें, तर त्या नांवाचें एक नवें कोरें टिपण तयार होतें. त्यानंतर तो दुवा यंत्राच्या लेखीं शाबूत ठरतो, कारण त्या नांवाची फाईल आतां अस्तित्वांत आहे! म्हणून शोध घेणाऱ्यानें तुटक्या दुव्यांबरोबर रिकामीं टिपणेंही पाहावीं.

हा दोष नांवावर भिस्त ठेवल्यानें येतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान (१९२७–१९९८) यांनीं सुमारें ९०,००० चिठ्ठ्यांचा संग्रह केला होता. चिठ्ठीवर तिचा क्रमांक असे, आणि तो एकदां दिला कीं कायमचा. मध्यें नवी चिठ्ठी घालावयाची झाल्यास जुन्या क्रमांकास अक्षर जोडीत. चिठ्ठी हलत नसे, म्हणून दुवाही हलत नसे. संगणकाच्या जगांत मात्र वेगळें घडलें. १९६५ सालीं ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द रूढ करणारे टेड नेल्सन यांच्या योजनेंत दुवा दोन्ही बाजूंनीं चालणारा होता. टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं सर्न या संशोधनसंस्थेंत जी योजना मांडली, आणि जी पुढें जगभर पसरली, तिच्यांत तो एकेरी राहिला. कोणाचीही परवानगी न घेतां कोणत्याही पानाकडे दुवा जोडतां येतो, हें तिच्या प्रसाराचें मोठें कारण. आणि पान नाहींसें झालें तरी दुवा जोडणाऱ्यास खबर लागत नाहीं, ही त्याची किंमत.

शोधाची रीत मुनिमाचीच आहे. सर्व टिपणांतून दुहेरी कंसांतील नांवें गोळा करून एक यादी करावी, आणि असलेल्या फाईलींच्या नांवांची दुसरी. पहिलींत आहेत पण दुसरींत नाहींत, तीं नांवें म्हणजे तुटके दुवे. हें काम यंत्र क्षणांत करतें. मात्र त्या यादींतील प्रत्येक नांव दोषाचें नसतें. वॉर्ड कनिंगहॅम यांनीं १९९५ सालीं चालू केलेल्या पहिल्या विकींत, अद्याप न लिहिलेल्या पानाच्या नांवापुढें प्रश्नचिन्ह दिसे. तें पान कोणीतरी लिहावें, असें तें निमंत्रण होतें. घरच्या टिपणांतही ‘आजीच्या पाककृति’ हा दुवा कदाचित् तुटलेला नसेल. आजीजवळ बसून त्या उतरून घेण्याचें राहून गेलें असेल. हा भेद यंत्रास करतां येत नाहीं.

मराठींत टिपणें ठेवणाऱ्यांस आणखी एक अडचण आहे, आणि ती डोळ्यांस दिसत नाहीं. ‘सातबाऱ्याचा उतारा’ या नांवांतील अर्धा ‘र’ संगणकांत दोन प्रकारें साठविला जातो: कांहीं कळफलक नुक्त्याचा ‘र’ व हलन्त वापरतात, कांहीं साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढें एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अक्षरें हुबेहूब सारखीं, पण यंत्राच्या दृष्टीनें तीं भिन्न. टिपण संगणकावर केलें, दुवा मोबाईलवर लिहिला, कीं नांव अक्षरशः तेंच असूनही दुवा लागत नाहीं. अशा वेळीं पुन्हां टंकून पाहण्यांत अर्थ नाहीं; मूळ नांवाची नक्कल करून तीच दुव्यांत चिकटवावी. ऱ्हस्वदीर्घाचे घोटाळे त्यामानानें सोपे, कारण ते निदान वाचतां येतात.

बाहेरच्या संकेतस्थळांचे दुवे आपल्या हातीं नसतात. अमेरिकेंतील प्यू संशोधनसंस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, २०१३ सालच्या पानांपैकीं ३८ टक्के पानें दहा वर्षांनंतर उपलब्ध नव्हतीं. पान नसल्यास ‘४०४’ हा अंक परत येतो व तपासणी सोपी होते. परंतु कित्येक स्थळें ‘सर्व ठीक’ असा अंक पाठवून वाचकास मुखपृष्ठावर आणून सोडतात. तेथें डोळ्यांनींच पाहावें लागतें. इंटरनेट आर्काइव्हच्या संग्रहांत जुनी प्रत पुष्कळदां सांपडते. न सांपडल्यास मेलेला दुवा पुसून टाकूं नये. पानाचें नांव आणि तें पाहिल्याची तारीख त्यापुढें लिहून ठेवावी, म्हणजे तोच मजकूर दुसरीकडे कोठें गेला असल्यास त्याच नांवानें हुडकतां येतो.