नदीत सोडलेला महाशीर जगला का?

महाशीर, कुणी त्याला खडची म्हणतात, हा आपल्या मुळा-मुठेचा जुना रहिवासी. साईक्स साहेबाने १८३९ साली पुण्याजवळच्या माशावरूनच त्याचे वर्णन केले. पुढे बंधारे, सांडपाणी आणि सुरुंगाचे बार यांनी तो विरळ झाला. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पिल्ले तयार करतात.

पण बोटुकली नदीत ओतली की झाले, असे नाही. पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्यावी, मग नदीचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे. एकदम सोडली तर पिल्ले दगावतात.

आता जगली किती, हे कसे कळायचे? सोडण्यापूर्वी काहींच्या पराचा तुकडा कापून खूण करतात. (पर पुन्हा फुटतो, म्हणून पाहणी लांबवून चालत नाही.) खुणेचा मासा मोठा होऊन जाळ्यात आला, म्हणजे जगला. पण नवी पिल्ले सोडली नसताना बारकी पिल्ले दिसली, तर मासा नदीतच अंडी घालू लागला. खरी कमाई ती!

मात्र दुसऱ्या खोऱ्याचे बी आणू नका. हाच महाशीर कावेरीत सोडला आणि तिथला कुबडाचा महाशीर मागे हटला. २०१८ साली तो अतिसंकटग्रस्त ठरला.

उन्हाळ्यात मासा डोहात तग धरतो. तेव्हा इंजिन लावून डोह तळापर्यंत उपसू नका, फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नका. खुणेचा मासा सापडलाच तर लांबी, जागा, तारीख टिपा नि ओल्या हातानेच त्याला परत सोडा.